गडग्यातलं खिंडार

दसरा जवळ आला की रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी येते. दर वर्षी गावाचं नाव बदलतं, मजकूर तोच असतो. फासकीत अडकून बिबट्याचा मृत्यू, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा. सोबत एक काळपट फोटो. मांडवीला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी तो फोटो बघून हळहळतात आणि मला विचारतात, "बाई, तुम्ही गावाकडे इतकी वर्षं शाळेत होतात ना? तिकडे असलं काही व्हायचं का हो?" मी म्हणते, व्हायचं. आणि गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून आत जाते.

याच दिवसांत भाट्याच्या पुलावरून पलीकडे गेलं की रस्त्याकडेच्या मळ्यांतून भाताचा वास येतो. दाणा भरताना येणारा, ओलसर, किंचित दुधाळ. हवा तापलेली असते, आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, आणि दुपारी कुठूनतरी एखादी चुकार सर येऊन कातळावर वाफ काढून जाते. हा वास मला फार आवडतो असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. खरं सांगायचं तर त्या वासाने मला घाम फुटतो.

ऐंशीच्या दशकातलं मधलं कुठलंतरी वर्ष असेल. लांज्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गाव सासरचंच. नवरा मुंबईला कंपनीत, घरात मी आणि माझे सासरे तात्या. वाडीतल्या बहुतेक घरांत हेच चित्र होतं. कर्ते पुरुष मुंबईत, इथे बायका आणि म्हातारी माणसं. शेत आम्हीच लावायचो, आम्हीच राखायचो. सकाळी वानरं, संध्याकाळी मोर, आणि अंधार पडला की डुकरं. भात पोटरीला आल्यापासून खळ्यावर येईपर्यंत वाडीतल्या कुणालाच सलग झोप नसायची. मळ्यातल्या राखणीच्या माचावरून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायचं, पलीकडच्या माचावरून त्याला उत्तर यायचं. त्या आवाजांवरून कोण जागं आहे आणि कुणाला डुलकी लागली आहे हे कळायचं.

आणि वाघ. आमच्याकडे वाघ म्हणजे बिबट्याच. पट्ट्यांचा वाघ कुणी पाहिला नव्हता. सकाळी शाळेत जाताना पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, चिऱ्यांवर ओल्या मातीचे पंजे उमटलेले दिसायचे. पहिल्या वर्षी मी ते बघून मागे फिरले होते. तात्या हसले नाहीत. पायरीवर उकिडवे बसले, पंजाजवळ स्वतःचा तळहात धरून बघितला आणि म्हणाले, "तो वर गेला. आता तू खाली जा." एवढंच. पुढे मलाही सवय झाली. मुलं त्या पंजांवर पाय न देता, बाजूने उड्या मारत शाळेत यायची. कुत्री दिवेलागणीला घरात घेतली जायची, गुरांच्या गोठ्याला आडणा लागायचा, आणि त्यापलीकडे त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलायचं नाही. एकाच पाखाडीवरून दिवसा आम्ही जायचो आणि आमच्यानंतर तो.

हे मला नीट समजावून सांगितलं ते धावजीने. धावजी कातकरी. गावाच्या वर, सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या, कडेला त्याची झोपडी होती. मध काढायचा, ओहोळातले खेकडे धरायचा, आणि डुकरं फारच माजली की गावकरी त्याला फासकी लावायला बोलवायचे. तात्यांपेक्षा वयाने मोठा होता, पण वाडीतलं शेंबडं पोरही त्याला 'ए धावज्या' म्हणायचं. मी धावजी म्हणायचे, आणि तेवढ्यावरून स्वतःला सुधारलेली समजायचे. अरेतुरे मात्र मीही करत होते.

एका जूनमध्ये तो आपल्या नातीला, मंगलला, हाताला धरून शाळेच्या पडवीत उभा राहिला. मुलीचे आईबाप कोळशाच्या भट्टीवर गेले होते ते परत आले नव्हते. "हिला शिकवा बाई," तो म्हणाला, "माज्यासारखं रानात नको ऱ्हाया." मंगल आमच्या शाळेतली पहिली कातकरी मुलगी. शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले की मी तिला पुढे बसवायचे. ते माझं कौतुक करायचे आणि मला ते गोड वाटायचं.

त्या वर्षी भात असं आलं होतं की बघत राहावं. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मळ्यातून लंगडत परत आले आणि ओसरीवर मटकन बसले. गुडघे धरल्यामुळे दोन रात्री ते माचावर जाऊ शकले नव्हते, आणि मी दिवसभर शाळा करून बसल्या जागी पेंगले होते. मी धावत खाली गेले. अर्धा मळा झोपला होता. लोंब्या चघळून थुंकलेल्या, बांध उकरलेला, चिखलात खुरांची नक्षी. वर्षाचं खाणं होतं ते. मळ्याभोवतीचा दगडी गडगा एका ठिकाणी ढासळून खिंडार पडलं होतं, आणि रानातली एक वाट नेमकी त्या खिंडारात उतरत होती.

मी धावजीला बोलावणं पाठवलं. तो आला, खिंडारापाशी वाकला, ओल्या मातीवरून बोट फिरवलं, एका दगडावर चिकटलेला केस काढून नाकाशी धरला. मग उभा राहिला.

"हितं फासकी नको बाई."

"का?"

"डुकरं हितून उतरली ती कालच्या राती. येरवी ही वाट त्याची हाय. रोजची." त्याने हाताने चार पायांची चाल करून दाखवली. "खिंडार बुजवा. वरच्या अंगाला काटे टाका. मी चार राती माचावर बसतो तुमच्या, तात्यांच्या जागी."

"चार रात्री बसून काय होणार? पुढे महिना आहे कापणीला."

"तो हाय म्हनून डुकरं येवडीच हायत," धावजी म्हणाला. "त्याला धक्का लागला तर पुढच्या वरसाला तुमी मळा लावूच नका."

मला राग आला. डोळ्यांसमोर ती झोपलेली शेतं होती, आणि त्यात एक अडाणी माणूस मला नको म्हणून सांगत होता, त्याचाही राग असेल. मी म्हणाले, "जमत नसेल तर तसं सांग, धावजी. उगाच वाघाचं नाव पुढे करू नकोस."

"जमतंय बाई," तो म्हणाला. "म्हनून तर नको म्हनतोय."

आणि सड्याकडे चालू लागला.

फासकी मी लावली. हे वाक्य लिहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि ते इतकं लहान आहे. नवऱ्याने मुंबईहून आणलेली सायकल पडवीत उभी होती, नव्या पद्धतीची, ब्रेकला तार असलेली. मी मागच्या ब्रेकची तार काढली. आदल्या वर्षी शेजारच्या मळ्यात धावजीला फासकी लावताना मी पाहिलं होतं. सरकगाठ कशी, जमिनीपासून किती उंच, सगळं लक्षात होतं. शिकवणाऱ्या माणसाला शिकायला वेळ लागत नाही. शाळा सुटल्यावर उन्हं असतानाच मी खिंडारात ती लावली, टोक किंजळीच्या बुंध्याला बांधलं आणि वर गवत पसरलं. घरी आले तेव्हा तात्या पडवीत सायकलीजवळ उभे होते. त्यांनी ब्रेकच्या रिकाम्या दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "चहा टाक" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी वेणी घालत होते तेव्हा खालून आवाज आला. डरकाळी नव्हे. लाकूड करवतल्यासारखा, पण मधेच तुटणारा. मी खाली गेले.

ती मादी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तार कमरेत बसली होती. किंजळीभोवती तार पोचेल तेवढ्या अंतरात एकही गवताची काडी उभी नव्हती, मातीचा गोल उघडा पडला होता. मी गडग्याच्या अलीकडे होते. आमच्यामध्ये फार तर वीस पावलं. ती उठायला गेली, मागचे पाय उठले नाहीत. मग तिने धडपड थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, दुःख होतं, असं काहीबाही मी मनात पुष्कळ वेळा लिहून पाहिलं आहे. खरं तसं काहीच नव्हतं. ती दमली होती आणि समोर जे होतं ते बघत होती. समोर मी होते.

त्या क्षणी ओरडले असते तर वाडी गोळा झाली असती. धावजीकडे धावले असते तर त्याने काहीतरी केलं असतं. निदान तार तोडायची युक्ती त्यालाच ठाऊक असती. मी घरी आले. वेणी पुरी केली, साडीला पिना लावल्या आणि शाळेत गेले. प्रार्थना घेतली. हजेरी घेतली. मंगलचं नाव आलं तेव्हा तिने नेहमीसारखं मोठ्याने "हजर" म्हटलं. मी फळ्यावर बेरजा घातल्या आणि कुणीतरी दुसऱ्याने ती बघावी म्हणून वाट पाहत राहिले.

अकराच्या सुमाराला गवत कापायला गेलेल्या बायकांनी पाहिलं. मग आरडाओरडा झाला, शाळा सोडावी लागली, गडग्यावर माणसंच माणसं. कुणी दगड मारले, कुणी त्यांना थांबवलं. तालुक्याला निरोप गेला. तालुक्याची माणसं पोचायच्या आत, दुपारी तीनच्या आसपास, ती मेली. कुणीतरी धावजीला आणलं. तोच एकटा जवळ गेला. तारेला हात लावला, ती बोटांत फिरवली, बराच वेळ बघितली. मग तिच्या पोटाखाली हात घातला आणि तसाच वळून म्हणाला, "दूध हाय हिला. पोरं असतील कुटंतरी."

धावजी उठला आणि त्या वाटेने वर, रानात निघून गेला.

जंगलखात्याचा गार्ड आणि त्याचा साहेब आले तेव्हा धावजी नव्हता. फासकी कोण लावतं गावात, या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते चार जणांनी एकदम दिलं. कुठे आहे तो? रानात गेला. पळाला म्हणा की. संध्याकाळपर्यंत पळाला हाच शब्द कायम झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी धावजी आपल्या पायांनी खाली आला, काट्यांनी ओरबाडलेला, डोळे लाल. साहेबाने विचारलं, "कुठे होतास?"

"पोरं हुडकत व्हतो."

"कुणाची?"

"तिची."

साहेब हसला. गावकरीही हसले. मी हसले नाही, पण तेवढ्याने मी काही वेगळी ठरत नाही.

पंचनामा शाळेच्या पडवीत झाला. गार्डच्या बोटाला जखम होती, त्याला लिहिता येईना. तो म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर चांगलं असणार. लिहिता का?" मी लिहायला बसले. साहेब सांगत गेला आणि मी लिहीत गेले. मादी जातीचा बिबट्या. कमरेभोवती तारेचा फास. सदर तार संशयिताने कुठूनतरी उचलून आणलेली. संशयिताचं नाव. माझं पेन एकदाही अडखळलं नाही. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

धावजी म्हणाला, "मी नाय लावली."

"मग कुणी लावली?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला वाटलं, आता हा सांगणार. बाईंनी मला बोलावलं होतं, बाईंना मी नको म्हणालो होतो. मी पेन धरून बसले होते, आणि मला आजही आठवतं की त्या क्षणी मी देवाजवळ काय मागितलं. त्याने बोलू नये हे मागितलं.

"मला ठावं नाय," धावजी म्हणाला.

मग रीतीप्रमाणे मी त्याला मजकूर वाचून दाखवला. शब्दन् शब्द, स्वच्छ आवाजात, वर्गात धडा वाचावा तसा. त्याने माझ्या अक्षराखाली अंगठा उठवला. तात्या पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. ते सरपंचाशी पावसाबद्दल बोलत होते.

त्याला घेऊन गेले. आठ दिवसांनी तो परत आला, मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. तारीख असली की आदल्या दिवशी चालत निघायचा. शाळेत मुलं मंगलला 'वाघमारी' म्हणू लागली. मी ते ऐकत होते. एकदा छडी उगारली आणि तशीच खाली ठेवली. आणि तिच्याकडे बघणं मी टाळू लागले. ती हात वर करायची, मी दुसऱ्याला उत्तर विचारायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. शिमग्याच्या सुमारास मी सड्यावर गेले तेव्हा झोपडीच्या जागी तीन दगडांची चूल होती आणि राख उन्हाळी वाऱ्याने उडत होती.

त्या वर्षी उरलेलं भात चांगलं उतरलं. नव्या तांदळाची पेज झाली, दिवाळीला पोहे झाले. मी जेवले. घशाखाली उतरलं नाही वगैरे काही झालं नाही. भूक होती, जेवले.

पुढच्या वर्षी डुकरं दुपटीने आली. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही खालचा मळा लावणं सोडलं, मग शेजाऱ्यांनी सोडलं. आज तिथे रान आहे. गावाला लोक म्हणतात, जनावरं माजली, आता शेती परवडत नाही. सगळं जनावरांवर घालतात. मी ऐकून घेते. त्या रानाशी आमचा काहीतरी अलिखित करार होता, तो कसा चालायचा हे एका माणसाला नीट माहीत होतं, आणि त्याने तो मला मातीवर बोट फिरवून दाखवला होता. तो करार मी मोडला, आणि मोडल्याचा कागद त्याच्या नावाने लिहिला.

बदली झाली, मग दुसरी बदली, मग रत्नागिरी, मग निवृत्ती. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मांडवीच्या रस्त्याकडेला एक बाई खेकड्यांची टोपली घेऊन बसली होती. मी पुढे गेले तर मागून हाक आली.

"बाई! मी मंगल."

केस पांढरे झाले होते, हनुवटी धावजीची होती. ती हसत होती. मी तिच्यासमोर फुटपाथवर बसले. धावजी कधी गेला ते तिने सांगितलं. शेवटची तारीख व्हायच्या आधीच. मग मी तिला सांगितलं. खिंडार, तार, पंचनामा, सगळं. ती खेकड्यांच्या नांग्या सुंभाने बांधत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"आज्याला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तार बघितली की त्यानं. तसली सायकल गावात येकच व्हती. वाडीला पन ठावं व्हतं, बाई. ठावं नाय कुनाला?"

मी विचारलं, "मग तो बोलला का नाही?"

मंगलने बांधलेला खेकडा टोपलीत टाकला. "मी इचारलं व्हतं. म्हनला, बाईचं नाव घेतलं तर तुजी शाळा जाईल." दुसरा खेकडा उचलून ती म्हणाली, "शाळा तर गेलीच."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मला बाजूला सरकावं लागलं.

मी पुढच्याच आठवड्यात गावी गेले. देवळात वाडीची बैठक होती, उत्सवाची. माझ्या वेळची दहा-बारा माणसं उरली होती. मी उभी राहिले आणि बोलले. फासकी मी लावली होती, धावजीने नाही. त्याने मला नको म्हणून सांगितलं होतं. एक म्हातारे काका, जे तेव्हा गडग्यावर उभे होते, घसा खाकरून म्हणाले, "जाऊ दे बाई. तेव्हा आम्ही तरी कुठे बोललो?" कुणीतरी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. एका वहिनीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहाचा कप हातात दिला. मग बोलणं डुकरांवर गेलं.

परतीच्या एस्टीत मला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, कितीतरी वर्षांनी. खिडकीतून वारा येत होता, हातखंब्यापर्यंत मी चक्क झोपले. जाग आली तेव्हा लक्षात आलं, मला माफ कुणी केलं ते. धावजीला गुन्हेगार ठरवताना ज्यांनी एकदम तोंड उघडलं होतं, त्यांनीच. त्यांनी मला सोडलं, मी त्यांना सोडलं, चहा झाला. त्या हलकेपणाची मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या पंचनाम्याचीही वाटली नव्हती.

देवळातलं हे सगळं मी मंगलला सांगितलेलं नाही. ती रविवारी मांडवीला बसते. मी जाते. ती चांगले भरलेले खेकडे निवडून देते, नांग्या घट्ट बांधल्यात ना ते पुन्हा बघते, आणि म्हणते, "जपून न्या, बाई."